खुर्ची घेण्याआधी टेप घ्या

पत्र

मी रत्नागिरीला राहते. वय ३८, उंची पाच फूट. पुण्यातल्या एका कंपनीचं अकाउंट्सचं काम घरून करते, रोज नऊ-दहा तास लॅपटॉपसमोर असते. आधी डायनिंगच्या खुर्चीवर बसायचे. कंबर धरायला लागली म्हणून मागच्या वर्षी ऑनलाइन बॉस चेअर मागवली. उंच पाठ, काळं रेक्झिन, जाड गादी, साडेअकरा हजार रुपये. आता कंबर तर दुखतेच, शिवाय संध्याकाळपर्यंत मांड्या मागून बधिर होतात, पावलं जड होऊन सुजल्यासारखी वाटतात. दुपारनंतर मी खुर्चीच्या कडेवरच येऊन बसलेली असते. यजमान म्हणतात, एवढी महागाची खुर्ची आणली तरी तुझी तक्रार आहेच. सासूबाई म्हणतात, आम्ही जन्मभर पाटावर बसलो, आमच्या नाही पाठी मोडल्या. नवीन घ्यायची तर पंधरा हजारांपर्यंत जमेल, पण पुन्हा पैसे पाण्यात जायची भीती वाटते. जाळीची घेऊ की गादीची? डोकं टेकायची सोय हवी का? की माझ्या पाठीतच काही दोष आहे?

एक वाचक, रत्नागिरी

उत्तर

प्रिय ताई,

दुपारनंतर आपण कडेवर येऊन बसतो, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मला तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तीच वाटली. पाठ टेकायला एवढी मोठी उशी मागे असताना माणूस पुढे सरकून का बसतो? मागे सरकलं की पाय लोंबतात आणि बैठकीची पुढची कड गुडघ्यामागे रुतते म्हणून. शरीर आपलं आपण पुढे सरकतं. मग पाठीला आधार उरत नाही, सगळा भार कंबर उचलते आणि ती दुखते. मांड्या बधिर होणं आणि पावलं जड होणं हेही बरंचसं तिथूनच येत असावं. मांडीच्या मागच्या बाजूवर तासन् तास दाब राहिला की नसा दबतात आणि पायातलं रक्त वर परतायला अडखळतं. तेव्हा पाठीत दोष आहे का, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. त्याबद्दल पुढे लिहिलंय. आधी खुर्ची बघू.

एक प्रयोग करा. यजमानांना त्या खुर्चीवर पाच मिनिटं बसवा. ते पाच फूट आठ-नऊ इंच असतील तर त्यांना ती छान वाटेल, आणि ते खरंच सांगत असतील. बाजारातल्या बहुतेक बॉस चेअर त्यांच्याच मापाच्या असतात. पाच फुटांच्या बाईला ती खुर्ची म्हणजे दोन नंबर मोठी चप्पल. चप्पल आपण पायात घालून बघितल्याशिवाय घेत नाही, आणि खुर्ची मात्र फोटो बघून मागवतो.

म्हणून ब्रँड, जाळी, गादी या सगळ्याच्या आधी शिवणाच्या डब्यातला टेप काढा. आज रात्री काम आवरल्यावर एका सपाट स्टुलावर अनवाणी बसा. मांड्या आडव्या सरळ राहतील अशी पायाखाली वर्तमानपत्रांची चळत घ्या किंवा काढा. घरातल्या कुणाला तरी तीन मापं घ्यायला सांगा. पहिलं, तळपायापासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत. दुसरं, स्टूल भिंतीला लावून, मागे भिंतीला टेकून, भिंतीपासून त्या खळगीपर्यंत. तिसरं, हात सैल सोडून कोपरात काटकोनात वाकवायचा आणि बैठकीपासून कोपरापर्यंतचं अंतर घ्यायचं. पाच फुटांच्या बाईचे हे आकडे साधारण ३८, ४३ आणि २२ सेंटिमीटरच्या आसपास येतात. तुमचे एखाद-दोन सेंटिमीटरने इकडेतिकडे होतील. माझ्या आकड्यांवर जाऊ नका, तुमचेच धरा. अनवाणी म्हटलं, कारण आपण घरात चपला घालत नाही. ऑफिसच्या खुर्च्यांची मापं मात्र पायात बूट आहेत असं धरून ठरवलेली असतात. त्या दोन-तीन सेंटिमीटरनेही तुमच्यासारख्या कमी उंचीच्या व्यक्तीचा पाय अधांतरी राहतो.

आता दुसरं माप घ्या, ४३. मागे पूर्ण टेकून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्यामागची खळगी यांत दोन-तीन बोटं मावायला हवीत. म्हणजे बैठकीची खोली, कडेपासून पाठीपर्यंतचं अंतर, तुम्हाला ३९-४० सेंटिमीटर हवं. तुमच्या बॉस चेअरवर टेप लावा, ४८ ते ५० च्या घरात आकडा निघेल. इथेच सगळं बिनसलं. खुर्ची विकताना हा आकडा कुणी सांगत नाही आणि विकत घेताना कुणी विचारत नाही. माझ्या मते आखूड किंवा उंच बांध्याच्या माणसासाठी खुर्चीतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच आहे, कारण उंची वरखाली करायची सोय ऑफिसच्या जवळजवळ प्रत्येक खुर्चीत असते, पण बैठक पुढेमागे सरकवायची सोय थोड्याच खुर्च्यांत असते. दुकानात तिला सीट स्लायडर म्हणतात. ती मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर मुळातच आखूड बैठकीची खुर्ची शोधायची.

उंचीचा प्रश्न खुर्चीपेक्षा टेबलाचा जास्त आहे. तुम्ही लिहिलं नाहीत, पण काम बहुधा डायनिंग टेबलावरच चालत असणार. त्याची उंची साधारण तीस इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर असते. तुमचे पाय जमिनीला टेकलेले असताना कोपर येतं ३८ अधिक २२, म्हणजे ६० वर. टेबल त्याच्या १६ सेंटिमीटर वर, सव्वासहा इंच. एवढ्या उंचीवर टाइप करायचं तर खांदे कानांकडे चढवून बसावं लागतं, आणि मान आखडते ती त्यामुळे. खुर्ची वर घेतली तर हात जागेवर येतात, पण पाय लोंबतात. खाली घेतली तर पाय टेकतात, पण खांदे चढतात. लाखभराची खुर्ची आणलीत तरी हे गणित सुटणार नाही.

सोडवायचे दोन मार्ग आहेत. टेबल तेच ठेवायचं असेल तर खुर्ची कोपर टेबलाच्या पातळीला येईपर्यंत वर घ्या आणि पायाखाली पंधरा-सोळा सेंटिमीटर उंचीचा भक्कम, रुंद आधार घ्या. दोन्ही पावलं पूर्ण मावली पाहिजेत आणि थोडी हलवता आली पाहिजेत. बाजारातले प्लॅस्टिकचे फूटरेस्ट बरेचदा यापेक्षा कमी उंचीचे असतात, तेव्हा सुताराकडून लाकडी खोका करून घेतलेला बरा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. कामासाठी वेगळं, बुटकं टेबल करून घ्या. ऑफिसच्या बहुतेक खुर्च्या ४२-४३ सेंटिमीटरच्या खाली जात नाहीत. त्यावर तुमचे कोपराचे २२ मिळवा, म्हणजे टेबल ६४-६५ चं हवं. खुर्ची आणि तुमचे पाय यांत जो चार-पाच सेंटिमीटरचा फरक उरतो, तेवढाच घरातला जुना पाट उंच असतो. तो पायाखाली घ्या. टेबलाला खाली ड्रॉवर नको, मांड्या अडकतात.

नवी खुर्ची यायच्या आधी आहे त्या खुर्चीवरही आजच्या आज फरक पडेल. कमरेमागे आठ-दहा सेंटिमीटर जाडीची घट्ट उशी किंवा घडी घातलेली चादर ठेवा, म्हणजे बैठकीची खोली तेवढी कमी होते. पायाखाली खोका घ्या आणि मागे टेकून बसा. मांड्यांचा बधिरपणा दोन-चार दिवसांत कमी झाला तर समजा की दोष खुर्चीच्या मापाचा होता.

आता पाठीच्या आधाराबद्दल. ताठ बसा, नव्वद अंशात बसा, हे आपल्याला शाळेपासून ऐकवलं जातं. ते दिवसभर पाळायची गरज नाही आणि ते शरीराच्या हिताचंही नाही. स्वीडनमधले अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुईतून दाब मोजला होता. बिनआधाराचं बसणं उभं राहण्यापेक्षा चकतीवर जास्त दाब टाकतं, असं त्यांना दिसलं. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत झालेल्या मोजणीत बसणं आणि उभं राहणं यांत तेवढा फरक आढळला नाही. पण पाठ टेकून मागे रेललं की दाब उतरतो, यावर दुमत नाही. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला बसलेल्या माणसांचं एमआरआय केलं, तेव्हा मांड्या आणि धड यांत १३५ अंशांचा कोन असताना चकत्यांवर सगळ्यात कमी ताण दिसला. एवढं रेलून जीएसटीची रिटर्न्स भरता येणार नाहीत. टाइप करताना १०० ते ११० अंश, आणि फोनवर बोलताना किंवा नुसतं वाचताना त्याहून मागे, एवढं जमलं तरी पुष्कळ झालं.

म्हणून खुर्चीची पाठ मागे झुकणारी हवी, आणि झुकताना तुमच्या वजनाला साजेसा विरोध करणारी. बैठकीखाली मोठी गोल मूठ असते, तिने हा जोर कमीजास्त होतो. बारीक बांध्याच्या माणसाला ती बरीच सैल करावी लागते, नाहीतर खुर्ची मागे हलतच नाही आणि लोक समजतात की तिच्यात ती सोयच नाही. दुकानात पुशबॅक आणि सिंक्रो असे दोन शब्द कानावर पडतील. साध्या पुशबॅकमध्ये बैठक आणि पाठ एकत्र मागे जाते, त्यामुळे पुढची कड वर उचलली जाते आणि तुमचे पाय पुन्हा सुटतात. सिंक्रोमध्ये पाठ जास्त झुकते आणि बैठक थोडीशीच. तुमच्यासाठी सिंक्रो. कमरेचा फुगवटा, म्हणजे लंबर सपोर्ट, वरखाली सरकणारा हवा. तो साडीच्या निऱ्या खोचतो त्या पातळीच्या जरा वर, कमरेच्या आतल्या वळणात बसला पाहिजे. उंच माणसाच्या मापाने केलेला ठरावीक फुगवटा तुमच्या पाठीच्या मधोमध टोचेल आणि पुढे ढकलेल.

आता खुर्चीच्या हातांबद्दल. बॉस चेअरचे हात बहुधा पक्के बसवलेले असतात, वरखाली होत नाहीत. ते टेबलाच्या कडेला थडकतात, खुर्ची आत जात नाही आणि मग आपण कीबोर्डपर्यंत पोचायला पुढे वाकतो. हात वरखाली होणारे आणि टेबलाखाली जातील एवढे खाली उतरणारे हवेत. तशी खुर्ची बजेटात बसली नाही तर बिनहातांची घ्या, किंवा हात काढून टाका. बैठकीखाली प्रत्येक बाजूला दोन-तीन बोल्ट असतात, षट्‌कोनी चावीने सुटतात. तुमच्या सध्याच्या खुर्चीचेही काढता येतात का, बघा.

जाळी की गादी हे तुम्ही पहिलं विचारलंत. रत्नागिरीत राहता म्हणून माझं उत्तर ठाम आहे: पाठ जाळीची, बैठक फोमची. तुमच्याकडच्या दमट हवेत रेक्झिनवर पाठीला धारा लागतात, आणि दोन-चार पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटून कपड्यांना काळे कण चिकटायला लागतात. जाळीच्या पाठीतून वारा खेळतो. बैठक मात्र या किमतीत जाळीची नको. स्वस्त जाळी मधे झोळ धरते आणि पुढची कडक चौकट मांडीला लागते, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बैठकीचा फोम साच्यात ओतलेला असावा, त्याला मोल्डेड म्हणतात. लादी कापून बसवलेला फोम वर्षभरात चपटा होतो. अंगठ्याने मधोमध जोरात दाबा. खालची फळी बोटाला लागली तर पुढची खुर्ची बघा. पुढची कड धबधब्यासारखी खाली वळलेली हवी.

चाकं बसवलेली खालची पाचपायी फ्रेम क्रोमची चकचकीत घेऊ नका. समुद्राच्या हवेत तिच्यावर गंजाचे ठिपके उठतात. चांगल्या जाड नायलॉनची टिकते. चाकं टाइल्सच्या फरशीसाठी मऊ आवरणाची घ्या, कडक चाकं सरकतात आणि आवाज करतात. डोकं टेकायची सोय तुम्हाला नको. कमी उंचीच्या माणसाला ती डोक्याच्या मागे येतच नाही, किंवा मान पुढे ढकलते. तो पैसा स्लायडरवर घाला. गेमिंग चेअरकडे वळूही नका. तिच्या बैठकीच्या उचललेल्या कडा मांड्या आवळतात.

सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात. बिफ्मा ही अमेरिकेतल्या फर्निचर उद्योगाची संघटना आहे आणि तिच्या चाचण्यांचा उल्लेख जाहिरातीत सर्रास असतो. आपल्या भारतीय मानक ब्युरोचंही कामाच्या खुर्च्यांसाठी आयएस १७६३१ हे मानक आहे. अशी खूण असली तर खुर्ची मजबूत असण्याची खात्री वाढते. ती तुमच्या मापाची आहे, असं कुठलीच खूण सांगत नाही.

शक्य असेल तर एक सुट्टीचा दिवस काढून कोल्हापूरला जा आणि दोन-तीन दुकानं फिरा. मापांचा कागद जवळ ठेवा. दुकानदाराला पहिले दोन प्रश्न विचारा: बैठकीची खोली किती आणि कमीत कमी उंची किती? त्याला सांगता आलं नाही तर स्वतः टेप लावा, संकोच करू नका. चपला काढून, पाठ टेकून पंधरा-वीस मिनिटं बसा. दोन मिनिटांत सगळ्याच खुर्च्या मऊ वाटतात. त्या वीस मिनिटांत फोन बघत बसू नका, समोर टेबल ओढून टाइप केल्यासारखे हात ठेवा. ऑनलाइनच घ्यायची झाली तर मापांचा आराखडा दिलेलीच घ्या, आणि परत करायची मुदत संपेपर्यंत खोका फेकू नका.

मुंबईत कुणी नातलग असेल तर आणखी एक वाट आहे. ऑफिसं बंद होताना किंवा जागा बदलताना चांगल्या कंपन्यांच्या खुर्च्या निघतात आणि जोगेश्वरीच्या ओशिवरा भागातल्या फर्निचर बाजारासारख्या ठिकाणी येतात. नवीन घेतली तर तुमच्या बजेटात कधीच न येणारी, स्लायडर आणि सिंक्रो असलेली खुर्ची तिथे अर्ध्याहून कमी पैशांत मिळू शकते. फक्त ती पूर्ण वर करून पाच मिनिटं बसून बघा. हळूहळू खाली उतरत असेल तर तिचा गॅसचा दांडा, ज्याला सगळे हायड्रॉलिक म्हणतात, तो गेलाय. तो बदलून मिळतो, पण किंमत ठरवताना ते धरा. जाळी सैल झाली असेल तर मात्र सोडून द्या.

लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवून नऊ तास काम करणं कुठल्याच खुर्चीला झेपणार नाही. पडदा डोळ्यांसमोर आणला तर कळफलक वर जातो, कळफलक कोपराशी आणला तर मान खाली जाते. लॅपटॉप स्टँडवर किंवा जाड पुस्तकांवर उचला, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली, हातभर अंतरावर. कीबोर्ड आणि माउस वेगळे. अकाउंट्सच्या कामाला उजवीकडे आकड्यांचा पॅड हवा असतो आणि त्यामुळे माउस लांब जातो, खांदा सतत बाहेर ओढला जातो. आकड्यांचा पॅड सुटा मिळतो. तो डावीकडे ठेवायची सवय झाली तर उजव्या खांद्याला फार आराम पडतो.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्या पाटावर बसल्या, पण सलग नऊ तास नाही. चुलीशी, विहिरीशी, अंगणात दिवसभर ऊठबस, वाकणं, चालणं चालू होतं. त्यांच्या पाठी टिकल्या त्या या ऊठबशीमुळे. तुम्हीही दर अर्ध्या तासाने उठा, दोन मिनिटं चाला. फोन आला की उभ्याने घ्या. पाण्याची बाटली टेबलावर ठेवू नका, स्वयंपाकघरात ठेवा. खुर्ची कितीही मापाची असली तरी हे चुकत नाही.

आता पाठीतल्या दोषाबद्दल. वर सांगितलेले बदल करूनही दोन-तीन आठवड्यांत बधिरपणा गेला नाही, किंवा कळ एकाच पायात गुडघ्याच्या खाली उतरत असेल, खोकताना-शिंकताना वाढत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे जा. पावलांची सूज रात्री झोपून सकाळी उतरत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा, ते खुर्चीचं काम नव्हे. पाय लुळा पडल्यासारखा वाटला, बसायच्या जागेची संवेदना गेली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटतोय असं वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पैशांचं मी असं वाटेन: नऊ-दहा हजार खुर्चीला, साधारण तीन हजार सुताराच्या साध्या टेबलाला, उरलेले कीबोर्ड, माउस आणि स्टँडला. बॉस चेअर विकून टाकू नका, यजमानांना ती बसते. क्रम मात्र सांभाळा. खुर्ची आधी घरी आणा, पाटावर पाय ठेवून दोन-तीन दिवस तिच्यावर बसा, तिची उंची पक्की करा, तेव्हा कोपर जमिनीपासून किती वर येतं ते पुन्हा मोजा. सुताराला तोच आकडा द्या.